सातव्या बोल्टाची टिकली

तीर्थरूप दाजींना सिल्वासाजवळच्या सामरवरणीहून नवनाथचा वाकून नमस्कार.

आधी एवढं अक्काला मोठ्याने वाचून दाखवा: तुझा भाऊ धडधाकट आहे, ममता धडधाकट आहे आणि कोणाच्याही बांगड्या फुटलेल्या नाहीत. झालं ते असं. तुम्ही मला दिलेली जीप रेडिएटरचं पाणी पिऊ लागली (रोज तांब्याभर, पाहुण्यासारखी), म्हणून डोकमर्डीच्या भावेश मेकॅनिककडे इंजिनाचं हेड उतरवायला टाकली. आमचे मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा असतात, म्हणून त्याने घरी फोन लावला. रेंजचे वांधे. ममताला ऐकू आलं ते एवढंच: "भाभी... भाई... चूडी टूट गई." इकडच्या गॅरेजात बोल्टाच्या आट्यांना चूडी म्हणतात, हे त्या बिचारीला काय ठाऊक! तिने मनगट धरून हंबरडा फोडला, अक्काला कळवलं आणि अक्काने म्हणे अर्धं अमळनेर गोळा केलं. मी संध्याकाळी डबा हलवत घरी आलो, तर मला बघून ममता आधी रडली आणि मग तोच डबा माझ्या पाठीत घातला.

आता खरं दुखणं सांगतो. हेडचे सगळे बोल्ट मुकाट्याने निघाले. सातवा मात्र फिरवला तर त्याच्याबरोबर तारेची गुंडाळी बाहेर आली. म्हणूनच त्याचा तो फोन. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलो, तरी ही स्प्रिंग इथे कशी, म्हणून भावेश डोकं खाजवतच होता. मला मात्र बघताक्षणी कळलं. दाजी, तो बोल्ट माझा. वीस वर्षांपूर्वी मी तुमच्या हाताखाली शिकत होतो, हीच जीप कामाला होती आणि तुम्ही गॅरेजातून घरी जेवायला गेला होतात, तेव्हा पान्याला पाइप लावून मीच तो आवळला होता. (माझ्या भावाच्या अंगात लई जोर, असं अक्काने सगळ्या गल्लीला सांगितलेलं. जोर दाखवणं भाग होतं.) एकाएकी पाना हलका लागला. ब्लॉकमधले आटे गेले, हे मला तेव्हाच कळलं. वरून ग्रीस फासलं, हात धुतले आणि तुमच्याच शेजारी बसून चार भाकरी हाणल्या. कोणाला कळलंच नाही, असं मी आजवर समजत होतो.

रॉकेलच्या फडक्याने ब्लॉकची बाहेरची बाजू पुसली, तर सातव्या भोकासमोर लोखंडी पंचाने ठोकलेला टिंबाएवढा एक खळगा. तुमची टिकली! दुरुस्त केलेल्या भोकापाशी टिकली मारावी, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की इथे आधी दुखलंय, हात हळू लाव, असं तुम्हीच शिकवलं होतं. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. भोक मोठं करून, नवे आटे पाडून, आत तारेची कॉइल बसवलीत आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. उलट मी सिल्वासाला निघालो तेव्हा चारचौघांत म्हणालात, पोरगा हाताचा चांगला आहे. दाजी, मला भर गॅरेजात रडू फुटलं. (जीपच आहे, म्हैस नाही, अशी भावेशने समजूत घातली.)

फोनवर बोललो असतो, पण तुम्ही बरं आहे म्हणता आणि फोन अक्काच्या हातात देता. हात थरथरायला लागल्यापासून गॅरेजला कुलूप घातलंय आणि दिवसभर ओट्यावर बसून असता, असं ती सांगते. मला ते अजिबात आवडलेलं नाही. लहान तोंडी मोठा घास म्हणा, पण लिहितो आहे.

तब्येतीला जपा.
आपला मेव्हणा,
बोल्टमोड्या नवनाथ

ता. क. जीपची काळजी नको. कॉइलऐवजी जाड बुश, म्हणजे आटे पाडलेली नळी, बसवू, एका दुपारचं काम, असं भावेश म्हणतो. आमच्या कंपनीतला नथू तर सुतळी गुंडाळून बोल्ट ठोकायला निघाला होता.

ता. क. २. मी दोघांनाही हात लावू दिलेला नाही. जीप उघडी करून, वर ममताची जुनी साडी पांघरून ठेवली आहे. तुम्ही या. ड्रिल मी धरीन, सरळ जातंय का ते तुम्ही बघा. डोळे तर थरथरत नाहीत ना? चुकलो तर शिव्या द्या, वीस वर्षांच्या राहिल्यात.

ता. क. ३. टिकली मात्र तुम्हीच मारायची. जुनीच्या शेजारी जागा पुसून ठेवली आहे. हात हलून वाकडी पडली तर पडू द्या. पुढच्या माणसाला विचारावं लागणार नाही, ती कोणाची.