आईनं सांगितलेले मुक्काम

७ ऑक्टो., मंगळ.
घोडीनं आज कडबा खाल्ला. बिरानं फोन करून सांगितलं. सुनंदाला वेगळं विचारून खात्री केली. भावाचं आणि भावजयीचं म्हणणं जुळलं म्हणजे बातमी खरी. आई जाऊन आज बारा दिवस. एवढे दिवस घोडी वैरणीला नुसतं तोंड लावून मान फिरवत होती.
बाकी काही नाही. वरणभात केला. उरला.

९ ऑक्टो., गुरु.
पोस्टमन आईच्या नावाचं बँकेचं पत्र देऊन गेला. मी सही केली. मेंढरांमागं फिरणाऱ्या आमच्या बिऱ्हाडाचा पत्ता म्हणजे सांगलीतल्या या दोन खोल्या. रेशनकार्डं, आधार, पोरांचे दाखले, सगळं माझ्या कपाटात. दिवाळी झाली की ते आटपाडीकडून निघतात, कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडावर गावी परततात. मी इथंच.
सातव्या वर्षी मला वसतिगृहात घातलं. तेव्हापासून विचारत आलो, मलाच का? तिचं उत्तर ठरलेलं. "एकानं एका जागी बसावं. बाकीच्यांस्नी पत्ता लागतो." मी चिडलो की वर टोमणा, "तू आमचा मैलाचा दगुड हाईस. हलू नगंस."
मी समजत आलो, हुशार होतो म्हणून निवडलं. पेपरातून निवृत्त झालो तेव्हा सत्काराच्या भाषणातही तेच ठोकून दिलं.

१४ ऑक्टो., मंगळ.
दसऱ्यानंतर या सुमाराला आई यायची. एसटीनं, एकटी, काठी घेऊन. खुर्चीवर बसायची नाही, पंखा लावू द्यायची नाही. चहा संपला की, "लिव."
मग एकेक मुक्काम. गाव कोणतं, मेंढरं कुणाच्या रानात बसवायची, विहीर कुठं, कोणाचं कुत्रं वाईट. त्या त्या वर्षीच्या डायरीत लिहून घ्यायचो. "वाच." वाचायचो. एकदा दोन गावं उलटी झाली. म्हणाली, "कागद तुजा, पाय माजं. नीट लिव."
वाटेला लागली की रोज सं. सहाला फोन. पूर्वी बूथवरून. त्याच्याही आधी कुणा मास्तराला गाठून लिहवलेलं कार्ड. मजकूर एकच. "हितं आलो. समदी हायेत. तू?"
मी म्हणायचो, आहे. की ठेवून द्यायची.
आज दिवसभर घरी होतो. दार उघडं ठेवलं होतं. कुणी आलं नाही. येणार नव्हतंच.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा.
सकाळी बिराचा फोन. मेंढरं ओवाळली म्हणाला. मग, "दादा, औंदा जावं का न्हाई त्येच कळंना."
वाट त्याला पाठ आहे. "पर म्या कायम मेंढरांच्या मागं. म्होरं आय. रान कुनाचं, शबुद कुनाचा, समदं तिच्या डोसक्यात." एक व्यापारी सगळा कळप एकदम उचलायला तयार आहे. त्याला शनिवारी उत्तर द्यायचं. मग बिरा विट्यात वॉचमन होणार. पन्नाशीत. मेंढरं सोडून दुसरं काही न केलेला माणूस.
म्हटलं, थांब. माझ्याकडं लिहिलेलं आहे.
"काय लिवलंय?"
"सगळं. बावीस वर्षांचं."
सुनंदाला हाक मारून त्यानं तेच मला पुन्हा सांगायला लावलं.

२४ ऑक्टो., शुक्र.
कपाटातून डायऱ्या काढल्या. पलंगावर मांडल्या तर बसायला जागा उरली नाही. शनिवारची वेळ गाठायची होती, म्हणून जुन्या सवयीनं एकेक नाव घेऊन फोन लावत गेलो. काही वारलेत. दोघांच्या रानात द्राक्षं आली, एकाच्यात प्लॉट पडले. पण त्यांनीच शेजारच्यांची नावं दिली. कडेगावचे एक आप्पा, आईच्या वयाचे. "म्हातारी गेली? मग औंदा भांडायचं कुनाशी?" मग म्हणाले, "या म्हनावं. रान मोकळं ठिवलंय."
सं. चारपर्यंत यादी उभी राहिली. बिराला कळवलं. त्यानं व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं.
एक गोष्ट आज लक्षात आली. डायऱ्यांत कराडजवळच्या मलकापूरच्या नावापुढं दरवर्षी तेच वाक्य. कधी मी आखूड केलेलं, पण तेच. "हायवे. शेवटचं कोकरू पलीकडं जाईस्तवर मी मधी हुबी." एकदा कराडला बातमीसाठी गेलो असताना पाहिलंय. बाई दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध, हातात काठी, पुढं ट्रकांची रांग. ड्रायव्हर ओरडला. ही शांतपणे, "तुज्या गाडीला धा चाकं, माज्या गाडीला हजार पाय. थांब."
मी रस्त्याच्या कडेला सहकाऱ्यांबरोबर उभा होतो. आपली आई आहे असं सांगितलं नाही. ते आज लिहून ठेवतो.

२६ ऑक्टो., रवि. गावी.
दुपारी सगळ्यांना बसवून यादी वाचली. तिच्यासारखंच, गावाच्या क्रमानं. बिरा मान डोलवत होता. धोंडीमामा, आईचा धाकटा भाऊ, कानानं अधू, म्हणून मोठ्यानं वाचत होतो. मलकापूर आलं तसा मामा म्हणाला, "तितंच तू पडला हुतास."
कुठं पडलो होतो?
"घोड्यावनं. आयनं सांगितलं न्हाई व्हय कवा?"
मी सहा वर्षांचा. बिऱ्हाड लादलेल्या घोड्यावर, कोकरांच्या मधी झोपलेलो. सडक ओलांडताना कुठंतरी घसरलो. पलीकडं गेल्यावर आईनं मेंढरं मोजली. पुरी भरली. माणसं-मेंढरांचा वाडा पुढं निघाला. दोन कोसांवर घोडं उतरवायला घेतलं तर कोकरं होती, मी नव्हतो.
"पळत आली माघारी. अनवानी. चहावाल्यानं बसवलं हुतं तुला. रडत बी न्हवतास. सडकंकडं बघत बसला हुतास." मामानं तंबाखू मळली. "त्याच वर्साला तुला साळंत घातलं. म्या म्हनलं, लेकराला तोडतीस व्हय गं? तर म्हनली, बसल्या जागी मानूस हरवत न्हाई."
बिरानं माझ्याकडं पाहिलं. सुनंदा चहाचे कप गोळा करायला लागली.
मी पुढचं गाव वाचलं.

२७ ऑक्टो., सोम.
निघाले. घोडीवर सुनंदानं बिऱ्हाड चढवलं. घोडीनं दोनदा मान मागं वळवून पाहिलं. मग चालू लागली. धूळ खाली बसेपर्यंत मी आणि मामा उभे होतो. दु. च्या एसटीनं सांगली.
घर होतं तसंच.

२ नोव्हें., रवि.
सं. सहाला सुनंदाचा फोन, विट्याच्या अलीकडून. रान बरं आहे, विहिरीला पाणी आहे, घोडी नीट चालतेय.
म्हटलं, आणि?
"आनि काय?"
काही नाही म्हटलं. तिच्या फोनचं चार्जिंग संपत आलं होतं.
तिला कुणी सांगितलेलं नाही, की शेवटी विचारायचं असतं.

५ नोव्हें., बुध.
बिराचा फोन, कडेगाव सोडून दोन मुक्काम पुढं. आप्पांनी जाताना सुनंदाला लुगडं दिलं, आईच्या नावानं. मग मुद्द्यावर आला. उद्या हायवे. तो मेंढरांच्या मागं, सुनंदा घोडीला धरून पुढं. मधी कोण उभं राहणार? "दोन मान्सं बगतो रोजानं."
मी येतो म्हटलं.
हसला. "तुमी? ट्रकवाल्यानं हारन मारला तर तुमीच आदी बाजूला व्हशीला."
"होईन. पण शेवटचं कोकरू गेल्यावर."
बिरा म्हणाला, "या. सदरा पांढरा घाला. लांबनं दिसाया पायजेल."
मेंढरं उद्या सकाळी आठच्या सुमाराला रस्त्यावर येतील असं बिरा म्हणतो. सुनंदाही तेच म्हणाली. पुलाचं काम चालू आहे, गाड्या कोणत्या बाजूनं सोडतील याचा भरवसा नाही. मला पहाटे पाचची एसटी. काठी सुनंदाकडं आहे.
शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं. टपाल आलं तर घ्या, उद्या मी घरी नाही.