मार्ग चौतीस, विस्तारित

५ जानेवारी, सोमवार
रोजनिशी आजपासून. एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण पहिले चार दिवस तयारीत गेले. माणसाने घाई करू नये.

बाबांना आमच्याकडे येऊन दोन महिने झाले. छापखान्यातली नोकरी संपली, जुन्या वस्तीतली खोली सोडली, आता आमच्या नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर. दिवसभर खिडकीत. आज जेवताना म्हणाले, एकदा बाइंडरला भेटायला हवं. बाइंडर म्हणजे छापखान्यातला त्यांचा मित्र, पुस्तकं बांधायचा. मी त्याला आमच्या लग्नात पाहिलं असेल, चेहरा आठवत नाही. ही म्हणाली, रविवारी स्कूटरवरून सोडा की, सहा तर किलोमीटर आहे.

हिच्या विचारांची झेप पाहून वाईट वाटलं. वसाहतीला बसच नाही, हा खरा प्रश्न. आणि मी कोण? शहर बससेवेच्या मार्ग विस्तार कक्षाचा उपप्रमुख. (प्रमुख नेमलेला नाही. कक्षात मी आणि एक टेबल.) बाबांना स्कूटरवरून नेणं ही मलमपट्टी झाली. मी त्यांना बस देणार.

११ जानेवारी, रविवार
बाबा आठ वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. त्यांना शांतपणे समजावलं. आज स्कूटरवरून नेलं तर उद्या रिपोर्टमध्ये काय लिहू? ‘वसाहतीतील ज्येष्ठांची अडचण होते’ हे वाक्यच खोटं पडेल. मागणी साठू द्यावी लागते. बाबा ‘बरं’ म्हणाले आणि शर्ट घडी करून ठेवला. समंजस माणूस. ही भांडी जरा जोरात घासत होती.

१६ जानेवारी
मोठ्या साहेबांपुढे प्रस्ताव मांडला. मार्ग चौतीस सध्या आमच्या ऑफिसपासून निघून जुन्या वस्तीत संपतो. तो पुढे आमच्या वसाहतीपर्यंत वाढवावा. साहेबांनी विचारलं, तिथे स्टॉपवर माणसं किती असतात? मी म्हटलं, स्टॉपच नाही. मग मागणी शून्य, म्हणाले.

तेव्हा मला सुचलं. (असं काही सुचलं की माझंच मला कौतुक वाटतं.) डेपोच्या मागे एक जुनी शेड पडून आहे. पत्र्याचं छप्पर, लांबलचक बाकडं. आधी ती लावू. माणसं जमली की मोजू. मग बस. साहेब म्हणाले, म्हणजे आधी कळस मग पाया. माझी योजना इतक्या थोडक्यात मलाही सांगता आली नसती. मंजूर!

१ फेब्रुवारी, रविवार
बाबांना न्यायचं होतं. पण गेले दोन रविवार शेडची जागा ठरवण्यात गेले आणि आज त्या दगदगीने डोकं दुखलं.

२ फेब्रुवारी
शेड लागली. कोपऱ्यावर, झाडाखाली, वारा चांगला. वर पाटी: ‘मार्ग ३४ विस्तारित. बस लवकरच.’ एका गृहस्थाने विचारलं, लवकर म्हणजे कधी. पाटी पुन्हा वाचायला सांगितली.

संध्याकाळपर्यंत एक कुत्रा. फॉर्ममध्ये रकाना नसल्याने मोजला नाही.

५ फेब्रुवारी
पहिली प्रवासी! दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. चार वीस ते साडेसहा, विणकाम करत बसल्या होत्या. बस नसताना दोन तास दहा मिनिटं वाट पाहणं, याला म्हणतात निकड. फॉर्म घेऊन गेलो. कुठे जायचंय, विचारलं. कुठेच नाही, म्हणाल्या. नोंद केली: ‘गंतव्यस्थान अनिश्चित. मार्ग लवचीक हवा.’

१० फेब्रुवारी
नऊ जण. आणि त्यात बाबा! तीन जिने आपले आपण उतरून आले. खिडकीतला माणूस रस्त्यावर आला. बसवरचा हा विश्वास पाहून भरून आलं. जवळ जाऊन बोलणार होतो, पण सर्वेक्षण चालू असताना नातीगोती मध्ये आणू नयेत. बाबांचं वय फॉर्ममध्ये अंदाजे लिहिलं.

१९ फेब्रुवारी
सतरा. आज एक विशेष केस. सत्तरीचे एक गृहस्थ, निळी सायकल, बोटांवर खळ वाळलेली. बहुधा पोस्टर चिकटवणारे. माणूस बसस्टॉपवर सायकलने येतो! त्याला बसची केवढी गरज असेल! बाबांच्या शेजारीच बसले. दोघं खूप हसत होते. मी विचारलं, आपल्याला कुठे जायचंय? ते म्हणाले, आलो की. नोंद: ‘माहिती देण्यास टाळाटाळ.’

२२ फेब्रुवारी, रविवार
बाबांना स्वतःहून म्हटलं, थोडा धीर धरा, बाइंडरची भेट आता लांब नाही. बाबा म्हणाले, तू तुझं काम कर. हल्ली ते बाइंडरचं नाव काढत नाहीत. दबाव नको म्हणून असेल. ही मात्र पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. विनाकारण हसते अलीकडे.

६ मार्च
मार्ग आखला. सरळ नेला तर ऑफिसपासून वसाहत पस्तीस मिनिटं. पण सरळ रस्त्याला पाठिंबा कोण देणार? दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, आमच्या दारावरून न्या, पत्र देतो. नेली. क्लासवाल्या सरांनी पत्र दिलं, त्यांच्या गल्लीतून नेली. मंगल कार्यालयाच्या हॉलला दोन दारं आहेत, मालक एक, पत्रं दोन, म्हणून दोन्ही दारांवरून नेली. पत्रं चार, वळणं अकरा. एक तास पन्नास मिनिटं. नकाशा काढणारा म्हणाला, साहेब, जिलबी झाली. मी हसलो. प्रत्येक वळणाला एक सुखी माणूस आहे, हे त्याला कुठून कळणार.

रविवारीसुद्धा बस धावली पाहिजे, हा मुद्दा मीच आग्रहाने घातला. ज्येष्ठांना रविवार नसतो.

१३ मार्च
स्टॉपवर सव्वीस. नर्सबाईंनी पाच जणींना विणकाम शिकवायला घेतलं आहे. कुणीतरी पाण्याचा माठ ठेवला. कॉलेजची दोन मुलं अभ्यासाला येतात. पोस्टरवाले गृहस्थ रोज चारला हजर, सातला सगळे उठतात तेव्हा जातात. सव्वीस माणसं रोज तीन-तीन तास ताटकळतात आणि एकाचीही तक्रार नाही. ‘जनतेची सोशिकता’ असा स्वतंत्र परिच्छेद लिहिला. साहेबांनी आकडा पाहून तोंडात बोट घातलं. एका आठवड्याची चाचणी मंजूर. फेरीला सरासरी पाच प्रवासी मिळाले तर मार्ग कायम.

पाच! मी सव्वीस देतो. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

२२ मार्च, रविवार
उद्या बस. कोट झटकून ठेवला. बाबांचा शर्ट मी स्वतः इस्त्री केला, कॉलर थोडी जळली. पण तीन महिने जे मनात होतं ते उद्या होणार. बाबांना मित्र भेटणार, आणि माझ्यामुळे.

२३ मार्च, सोमवार
चार बत्तीसला बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं. सव्वीसच्या सव्वीस जण बाकड्यावर, कट्ट्यावर, झाडाखाली. कुणी उठेना. मला वाटलं संकोच असेल. मी टाळ्या वाजवून सुरुवात करून दिली. नर्सबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, गाडी जरा पुढे घ्या, वारा अडतोय.

मी बाबांकडे गेलो. म्हटलं, उठा, पहिला मान तुमचा, आज बाइंडरकडे जायचं. बाबांनी शेजारच्या पोस्टरवाल्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला.

“हा काय बाइंडर. महिन्यापूर्वी तुला नमस्कार केला होता यानं. तू फॉर्म भरत होतास.”

गृहस्थांनी पुन्हा नमस्कार केला. बोटांवर खळ. पुस्तकं बांधणाऱ्याच्या बोटांवर दुसरं काय असणार? मग बाबा हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “त्याला सायकलवरून तास लागतो. तुला स्कूटरवरून वीस मिनिटं लागली असती रे.”

चारचौघांत ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. हळू म्हणाले, ते फार लागलं. लाज वाटली. दहा मिनिटं तरी वाटत होती.

बस रिकामी गेली. चढले शून्य, उतरले शून्य, बसून राहिले सव्वीस.

२९ मार्च, रविवार
चाचणी संपली. सरासरी: शून्य दशांश एक. तोही एक माणूस चुकून चढला आणि पुढच्या वळणाला उतरून चालत परत आला. वळणं असल्याचा एवढा तरी फायदा.

३० मार्च
साहेब म्हणाले, मार्ग बंद. मार्ग बंद म्हणजे स्टॉप बंद, शेड उचलून डेपोत परत. आदेशावर सही कक्षाच्या उपप्रमुखाची लागते. पेन घेतलं, शाई नव्हती. दुसरं घेतलं नाही.

रात्री जेवताना सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. पूर्वी मला वाटायचं बाबांना काही लागत नाही, कारण ते मागत नाहीत. आज मागितलं.

“बस हवी तर न्या. शेड तेवढी राहू दे.”

मग जेवले नाहीत. हिने भांडी अगदी हळू घासली. जोरात घासली असती तर बरं वाटलं असतं.

१ एप्रिल
नियमपुस्तक काढलं. कलम सापडलं: प्रत्येक फेरीला किमान एक प्रवासी असेल तर मार्ग सहा महिने ‘निरीक्षणाखाली’ ठेवता येतो, आणि तोवर स्टॉप हलवता येत नाही. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, दोन फेऱ्या देतो, सकाळी एक, संध्याकाळी एक. रोज दोन्ही फेऱ्यांना जाईल असा माणूस आणा. असा वेडा कुठे सापडणार, हे त्यांचेच शब्द.

सापडला. सुशिक्षित, नियमित, नोकरदार. बसचा पास काढून झाला. फोटो बरा आला आहे.

२० एप्रिल, सोमवार, सकाळी ७.५०, बसमध्ये
अक्षर खड्ड्यांमुळे. सात दहाला निघालो, आत्ता हॉलच्या दुसऱ्या दारावर आहोत. पहिल्या दारावरून निघून दहा मिनिटं झाली. प्रवासी: एक. कंडक्टर आता पास बघत नाही, पण बेल मात्र नियमाने देतो. रविवारीही दोन्ही फेऱ्या कराव्या लागतात, ऑफिस बंद असलं तरी. काल तिथल्या पायरीवर बसून डबा खाल्ला.

पण योजना यशस्वी आहे. शेड जागेवर आहे. परवा ही म्हणाली, बाबा झोपेत हसतात.

आज बाबा मला सोडायला खाली आले होते. हे पूर्वी कधी केलं नव्हतं. बस सुटताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, “संध्याकाळी येत जा रे आमच्यात. बाइंडर तुझ्याबद्दल विचारतो.” मी जाईन म्हटलं. मनापासून म्हटलं. गेले दोन महिने मी त्यांना मोजत होतो, आता जरा शेजारी जाऊन टेकावं असं खरंच वाटतंय.

मग वेळापत्रक काढलं. ते सगळे सातला उठतात. संध्याकाळची फेरी ऑफिसहून सव्वासहाला सुटते आणि दवाखाना, क्लास, हॉल करत आठ वाजून पाच मिनिटांनी वसाहतीत पोहोचते. कंडक्टरला विचारलं, वेळ जरा अलीकडे नाही का घेता येणार? तो म्हणाला, साहेब, आमच्या हातात काय आहे, ज्यांनी केलं त्यांना अर्ज करा. आणि त्याने खालच्या सहीवर बोट ठेवलं. सही सुवाच्य आहे. माझीच.