एकमताने मंजूर

बाबा, तुमचा फोटो सध्या माझ्या गाडीच्या डिकीत आहे, आईच्या जुन्या कुकरशेजारी. बिबवेवाडीची आपली बिल्डिंग पाडायला निघाली, फ्लॅट रिकामा करायचा होता, तेव्हा कुठली वस्तू कुणी न्यायची हे आम्ही तुमच्याच पद्धतीनं ठरवलं. शिलाई मशीन दादानं घेतलं, पितळी डबे मी घेतले, आणि तुमचा फोटो कुणाला हवाय असं विचारल्यावर एकाचाही हात वर झाला नाही. आईचाही नाही. शेवटी दादा म्हणाला, "तूर्तास गाडीत टाक, नंतर बघू." ते तूर्तास अजून चालू आहे. खड्डा आला की फोटोची काच वाजते, आणि पुण्यात खड्ड्यांना तोटा नाही, त्यामुळे तुमची आठवण रोज येते. रागावू नका. दोष माणसाला द्यायचा नसतो, व्यवस्थेला द्यायचा असतो, हे तुमचंच ना?

तुम्ही कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचात आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सभागृहात व्याख्यान द्यायचात. विषय ठरलेला. समाजाच्या संस्था किडल्यात, त्यांची डागडुजी पुरणार नाही, त्या मुळापासून नव्यानं रचल्या पाहिजेत. शाळा, दवाखाने, पतपेढ्या, सगळंच. आणि सुरुवात कुठून करायची, तर घरापासून, कारण घर ही पहिली संस्था. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं तुमच्याबद्दल म्हणायची सोय नाही. जे व्याख्यानात सांगायचात ते तुम्ही घरी करायचात. तिथंच तर आमचा घात झाला. दर रविवारी सकाळी आपल्या स्वयंपाकघरात सभा भरायची. स्वयंपाकघरात, कारण आईला ओट्यापासून हलता येत नसे. तुम्ही स्टुलावर, अध्यक्ष. दादा चिटणीस. आई आणि मी सभासद. प्रत्येकाला एक मत, आणि समसमान झाली तर अध्यक्षांचं जादा मत. अध्यक्षाची निवडणूक दर वर्षी व्हायची बरं का, अगदी रीतसर, आणि दर वर्षी तुम्हीच निवडून यायचात. घरी येणारे तुमचे मित्र कौतुकानं माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. एवढ्याशा पोरीला मताधिकार! असं घर बघितलं नाही हो सर!

पण तुमची खरी करामत पुढेच होती. आधी बहुमतानं निर्णय व्हायचा, आणि मग तुम्ही म्हणायचात, "आता दुसऱ्यांदा." दुसऱ्यांदा म्हणजे ज्यांचं म्हणणं पडलं त्यांनीही हात वर करायचा, म्हणजे कुणाच्या मनात काही उरत नाही, आणि ठराव एकमताने मंजूर होतो. सगळ्यांचे हात वर होईपर्यंत सभा संपायची नाही, आणि सभा संपेपर्यंत पानं घेतली जायची नाहीत. उपाशी ठेवणं नव्हे हं ते. कामकाज अपूर्ण असणं.

मला तो रविवार दिसतो. आई परातीत कणीक मळते आहे आणि मान वर न करता म्हणते, "माझा एक विषय आहे. भाऊ गेल्यापासून आई सासवडला एकटी पडलीय. तिला इकडे आणावं म्हणते." तुम्ही चष्मा काढता, पुसता. तुमचा आवाज कधी चढायचा नाही, चढला असता तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणता, "हा तुझ्या आईचा प्रश्न नाही. हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. एका म्हातारीची सोय लावली, तर बाकीच्या म्हाताऱ्यांचं काय?" आई म्हणते, "बाकीच्या म्हाताऱ्या माझ्या आई नाहीत हो." यावर तुम्ही हसता. त्याच सुमारास तुम्ही आणि तुमचे मित्र धायरीच्या पुढे माळावर वृद्धांसाठी नमुनेदार संस्था उभी करत होतात. रहिवासी स्वतः सभा घेणार, स्वतःचे नियम करणार. "वृद्धांना दया नको, मताधिकार हवा," हे तुमचं तेव्हाचं वाक्य, आणि त्या संस्थेला पहिला रहिवासी हवाच होता.

मतं पडली. आई आणि मी एका बाजूला, तुम्ही आणि दादा दुसऱ्या. दादाला त्याची खाट सोडावी लागली असती, त्याचं मत तेवढ्यापुरतं होतं. मग तुमचं जादा मत. मग, "आता दुसऱ्यांदा." तुमचा हात वर, दादाचा वर, आईनं पीठ लागलेला हात परातीवरच जरासा उचलला. मी नाही उचलला. मला आजी हवी होती, ती मला मांडीवर घेऊन शेंगा सोलायची, बस्स, एवढंच माझं राज्यशास्त्र. तुम्ही शांतपणे म्हणालात, "थांबू आपण. जबरदस्ती कुणावरच नाही." आमटी निवली. दादा माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघायला लागला. तुम्ही वर्तमानपत्र उघडलंत. शेवटी आई उठली, कणकीच्या हातानं तिनं माझं कोपर धरलं आणि माझा हात वर केला. म्हणाली, "झालं? घेऊ पानं?" तुम्ही म्हणालात, "एकमताने." कणीक माझ्या कोपरावर वाळली, ती मी दुपारी खरवडून काढली.

आजी तुमच्या संस्थेची पहिली रहिवासी झाली आणि तुम्ही तिला पहिल्या सभेची अध्यक्षही केलंत. ती तुम्हाला म्हणाली होती, "जावईबापू, मला मत घिऊन काय करायचंय? मला लेकीच्या हातचं गरम पायजे हाय." तुम्ही हा किस्सा व्याख्यानात सांगायचात, जुन्या मानसिकतेचं उदाहरण म्हणून. लोक हसायचे. संस्थेत नातेवाइकांच्या भेटीचा वार तुम्हीच ठरवून दिलात, रविवार सकाळ. घरची सभाही रविवारी सकाळी. दोन्ही व्यवस्था एकाच डोक्यातून निघाल्या होत्या आणि त्या डोक्याला ते कळलं नाही! आईनं सभा शनिवारी घेऊ या म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, आयत्या वेळचे विषय घेता येत नाहीत. पुढच्या रविवारी तिनं तो रीतसर मांडला, तर म्हणालात, "वैयक्तिक सोयीसाठी संस्थेची घडी मोडायची नसते." मग आई अधूनमधून एखाद्या दुपारी बस पकडून जायची, मला घेऊन, आणि आम्ही गेटच्या बाहेर उभ्या राहायचो. आजी आतून गज धरायची. "आत ये की गं." "आज भेटीचा वार नाही, आई." "कुनी ठरवलं?" आई पदराखालचा डबा गजांमधून आत द्यायची. तोवर भाकरी गार झालेली असायची.

आजी गेली तो मंगळवार होता, म्हणजे भेटीचा वार नव्हताच. तुम्ही शोकसभा घेतलीत. फार सुंदर बोललात, मी खोटं सांगत नाही, मागच्या रांगेत लोक डोळे टिपत होते. शोकठराव मांडलात, हात वर करायला सांगितलंत, आणि आईनं स्वतःच्या आईच्या शोकठरावाला हात वर केला. तुम्ही मोजलात की नाही ते मला आठवत नाही. बहुतेक मोजलात.

आता माझं ऐका. मी हडपसरला एका काचेच्या इमारतीत काम करते आणि माझं काम तुमचंच आहे, फक्त पगार बरा आहे. संस्था, कंपन्या, सरकारी खाती आमच्याकडे येतात आणि म्हणतात, आमची सिस्टिम बदलून द्या. मी त्यांना भिंतीवर रंगीत कागद चिकटवायला लावते, कोण कुठं अडतं ते दाखवते. माझ्या पहिल्या स्लाइडवर तुमचं वाक्य आहे, दोष माणसाला देऊ नका, रचना बदला. परवा एक नवी मुलगी म्हणाली, "मॅम, काय पॉवरफुल लाइन आहे ही!" मी म्हटलं, "माझ्या वडिलांची." ती म्हणाली, "सो लकी यार." मी म्हटलं, हो ना.

तर, बिल्डिंग पाडायची ठरल्यावर आईचं काय करायचं हा विषय निघाला. दादाकडे त्याचे सासू-सासरे आलेले. माझ्याकडे धायरीला दोन खोल्या, दिवसभर कुलूप. आई म्हणाली, "मी तुझ्याकडे राहीन. कोपऱ्यात पडून राहीन गं, मला काय लागतं?" स्वयंपाकघरातलं सामान बांधून झालं होतं, आम्ही खोक्यांवर बसलो होतो, हॉटेलातून जेवणाचं पार्सल आलं होतं. मी म्हणाले, "आई, हा तुझ्या एकटीचा प्रश्न नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांसाठी व्यवस्थाच नाहीये. त्यातल्या त्यात बाबांची संस्था चांगली चाललीय." माझा आवाजसुद्धा चढला नाही. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "'आपल्याकडे'चं सोड. तुझ्याकडे जागा आहे का, ते सांग." जागा होती, बाबा. मला ती द्यायची नव्हती. संध्याकाळी दमून आल्यावर घरात कुणी माझी वाट बघत बसलेलं मला नको होतं. दादानं हात वर केला, मी केला. दोन विरुद्ध एक. आणि दादा, सवयीनं असेल, चेष्टेनं असेल, म्हणाला, "आता दुसऱ्यांदा."

आईनं हात वर केला नाही. जन्मभर उचललेला तो हात तिनं मांडीवर पदरात गुंडाळून ठेवला आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. पार्सलच्या पिशवीला आतून घाम आला. मी उठले आणि तिचं कोपर धरलं. मला वाटलं ती हिसडा देईल. ती म्हणाली, "उचल, उचल. मीही तुझा उचलला होता. जेवण गार होतंय." एवढा हलका हात मी कधी उचलला नव्हता. दादा म्हणाला, "चला, एकमताने," आणि त्यानं रस्सा वाढायला घेतला. आईनंही खाल्लं. मीठ कमी आहे म्हणाली.

तुमच्या संस्थेभोवती आता माळ नाही, चहूकडे टॉवर आहेत. मी रविवारी डबा घेऊन जायची, तासभर बसायची, मोबाइल बघायची, निघायची. गेल्या रविवारी वॉचमननं मला गेटवरच अडवलं. मी आवाज चढवला, तुमचं नाव सांगितलं, संस्थापकांची मुलगी आहे म्हटलं. त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही. मग आई आली, हळूहळू, काठी टेकत, इस्त्रीच्या साडीत. ती आता तिथली अध्यक्ष आहे, हे मला वॉचमनकडून कळलं. ती गजांपलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "रविवारी नातेवाइकांनी यायचं नाही, असा ठराव झालाय."

"कुणी मांडला?"

"मी. रविवारी आमची सभा असते. सभेच्या वेळी घरच्यांची लुडबुड नको."

"अगं, पण मला रविवारीच सुट्टी असते. तुला माहीत आहे की!"

"आहे ना. पण वैयक्तिक सोयीसाठी संस्थेची घडी मोडायची नसते."

मी विचारलं, सगळ्यांनी हात वर केले? ती म्हणाली, "दोघीजणी करत नव्हत्या. एकीची मुलगी नाशिकहून येते, रविवारचीच. रडायला लागली बिचारी. थोडा वेळ जेवण थांबवलं मग. केले." आणि ती हसली, बाबा. इतक्या वर्षांत तिला असं मनापासून हसताना मी पाहिलं नव्हतं. "डबा दे वॉचमनकडे," ती म्हणाली, "आणि ऊन फार आहे, नीट जा." मग ती वळली आणि सभेला गेली. तुमची व्यवस्था उत्तम चालली आहे, तुम्हाला हेच ऐकायचं असेल तर.

हे पत्र मी कुठंही टाकणार नाही. डिकीत तुमच्या फोटोमागे ठेवावं असं आधी वाटलं होतं, पण तेवढीही तुमची बडदास्त नको. एकच सांगायचं राहिलं. गाडी वळवली तेव्हा आपल्याला रडू येणार म्हणून मी सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत वाट पाहिली. आलं नाही. आता दर रविवारी यायला नको, एवढंच मनात आलं, आणि मला इतकं हायसं वाटलं की वाटेत गाडी थांबवून मी मिसळ मागवली आणि एकटीनं बसून गरम गरम खाल्ली.