आरोक्यमने कुठल्या दाराने उठायचं?

तंजावूर, ईस्टर मंगळवार, १९९४

प्रिय आईस,

एमेलियाचा वसईच्या घरी सगळ्यांना नमस्कार. तब्येत ठीक आहे, ड्युटीही झेपते. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या वॉर्डातली आया आरोक्यम ईस्टरच्याच दिवशी वारली. काल तिच्या गावी मातीला गेले. आई, तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत मधोमध भिंत आहे! दलितांना पलीकडे पुरतात आणि त्यांची शवपेटी मागच्या दारानेच नेतात. आरोक्यमचीही तिकडेच निघाली.

“जुनी रीत आहे,” चर्चचे कारभारी म्हणाले.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मोडक्या तमिळमध्ये मी ओरडले, “कालच ईस्टरच्या मिस्सेत म्हणालात ना, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, आपणही उठू? मग शेवटच्या न्यायाच्या दिवशी आरोक्यमने कुठल्या दाराने उठून यायचं?”

मी पुढचं मोठं फाटक ढकललं. पेटीला खांदा दिलेली तिची मुलगी सेल्वी वळली आणि त्यातूनच आत शिरली. आरोक्यमला पुरलं मात्र भिंतीपलीकडेच, नवऱ्याशेजारी. सेल्वीची तशी इच्छा होती.

तू म्हणशील, परक्या मुलखात तोंड आवर. नाही आवरणार. रविवारी आम्ही दोघी फादरना विचारणार आहोत, भिंत कधी पाडता? बाबांना एवढं सांगू नकोस.

ख्रिस्त उठला आहे, आई. माझा राग अजून बसलेला नाही.

तुझी,
एमेलिया