दारावरचा पोचा

ठाणेदार साहेबांना नमस्कार,

नाही हो साहेब, गाडी छान चालू होते, चाकंही चारच आहेत. चोरीच्या संशयावरून जप्त केलेली गाडी आमचीच निघाली आणि तुम्ही ती परत दिलीत. तुमचा हवालदार सारखा विचारतो, "मग आजी, नुकसान काय झालं?" अहो, तुम्ही तिला नवरीसारखी नटवलीत, हेच नुकसान.

ती लाल परदेशी गाडी आमच्या ह्यांनी भंगारातून उचलून उभी केली होती. आत दोघांचीच जागा. सासूबाईंना कधी बसायला मिळालं नाही, म्हणून त्या तिला माझी सवत म्हणायच्या. दारावरचा पोचा माझा. हे मला चालवायला शिकवत होते आणि मी गाडी फाटकावर घातली. हे रागावले नाहीत, पोट धरून हसले. "राहू दे, तुझी सही आहे ती," म्हणाले. ह्यांच्या सीटवर डोक्याच्या तेलाचा डाग होता. हे गेल्यावर रोज दुपारी मी शेजारी बसून त्या डागाशी भांडायचे.

जप्तीतली गाडी खराब झाली तर कोर्ट आपल्याला धरेल, या धास्तीने तुमच्या माणसांनी पोचा काढला, सीटही बदलली. सांभाळायची जबाबदारी तुमची होती, पण एवढी?

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून सांगते. मुलगा गाडी विकायला निघाला होता. तुमच्या आवारात ती जशीच्या तशी राहील असं वाटलं, आणि मीच तिला आगीतून फुफाट्यात घातली. गाडी चोरीची आहे, असा फोन तुम्हाला मी केला होता.

तुमची डोकेदुखी,
लाल गाडीवाली आजी