पाइप जिच्या हातात

प्रिय भागूआक्का,

द्वारकीचा नमस्कार. फोन सोडून पत्र कशाला म्हणून बोंबलू नकोस, कारण आहे. चौथीतलं अक्षर आहे, लागेल तसं लाव. तुझ्या दिराचा अतुल आमच्या तनुजासाठी बघितलास आणि आमचं 'व्हय' ऐकायला बसलीयस, ते मला मालूम आहे. जरा दमानं वाच.

मी लई थकले बघ. सकाळी सिडकोत लोकांच्या पोळ्या, दुपारी घरचं धुणं, आणि टँकर आला की भांडण. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला टँकरचंच पाणी. मी आणि समोरची दगडाबाई पाइपासाठी भांडायला लागलो की आवाज स्टेशनापर्यंत जातो, असं हे म्हणतात. ओढाओढीत अर्धं पाणी चिखलात. घरी यायचं तर घसा बसलेला आणि ड्रम अर्धा. तरी मी म्हणायची, गप बसणारीला पाणी मिळत नाय. तनुजाला पण तेच शिकवत होते, ती शिकत नव्हती. कुणी जरा चढून बोललं की पोरगी भिंतीला चिकटायची. तूच म्हणायचीस, हिला सासरी कुणी पण गुंडाळून ठेवील.

मग ती संस्थेवाली चारुताताई गल्लीत यायला लागली. रविवारी समाजमंदिरात गल्लीतल्या पोरी गोळा करते. मला वाटलं शिवणकाम असेल. एकदा डोकावले तर एक पोरगी बोलतीय आणि बाकीच्या गोल बसून ऐकतायत. म्हटलं, एवढंच? ह्यासाठी माझी धुणी टाकून येतीस?

उन्हाळ्यात त्याच पोरी टँकरपाशी उभ्या राहिल्या. तनुजा पुढं. म्हणाली, आजपासून पाइप जिच्या हातात तीच बोलेल, तिचं भरलं की पुढची. बायका हसल्या. पाइप दगडाबाईनं धरलेला. ती म्हणाली, "ए तने, आधी तुझ्या आईचं तोंड बंद करून दाखव!" मी तोंड उघडलंच होतं, तर माझी पोरगी अख्ख्या गल्लीसमोर मला म्हणती, "आई, पाइप दगडामावशीच्या हातात आहे." आवाज चढवला नाय, नजर पण वळवली नाय. तिथंच एक ठेवून द्यावी वाटली मला.

मग पाइप माझ्याकडं आला. सगळ्या गप. आक्का, इतकी वर्षं ओरडले, पण लोक ऐकतायत म्हटल्यावर शिव्या पण आठवेनात. तोंडातून निघालं ते एवढंच, "माझे गुडघे दुखतात, उभं राहवत नाय." दगडाबाईनं एक रिकामी बादली पालथी घातली आणि म्हणाली, "बस की मग. आधी सांगता येत नव्हतं व्हय?" त्या दिवशी मी तनुजाशी बोलले नाय. पण घसा बसला नव्हता, आणि ड्रम काठोकाठ होता.

सगळं गोड झालंय असं समजू नकोस. परवाच एका पोरीचा हंडा कुणी लाथाडला. ती रडली, नाक पुसलं, परत जाऊन उभी राहिली. मला तर बघूनच शीण येतो.

आता ऐक. अतुल वाईट नाय. पण तनुजा नाय म्हणती. तिला नर्सिंग पुरं करायचंय. मी म्हटलं, मी सांगते आक्काला, ती चार शिव्या देईल, चार मी देईन, मिटलं. तर म्हणती, "आई, तुम्ही दोघी भांडता, मग रडता, मग चहा पिता. माझं सांगायचं राहूनच जातं." लई लागलं मला. पण खोटं काय बोलली ती? म्हणून रविवारी ती एकटीच एसटीनं वेरूळला येतीय, तुझ्या आणि दाजींच्या समोर बसून सांगायला. मावशीला फोन करायचा नाय अशी शपथ घातली मला. मी फोन केलेला नाय. उद्या ह्यांची काळीपिवळी जीप भाडं घेऊन तिकडं येतीय, त्यांच्या हाती हे पत्र देते.

तुझं तोंड माझ्यासारखंच, म्हणून लिहावं लागलं. पोरगी अजून भिते, आक्का. भांडी घासताना ओठांतल्या ओठांत घोकत असती, मावशीला असं म्हणेन, तसं म्हणेन. तिचं होईस्तोवर मधे तोडू नकोस. 'नाय' ऐकून उठून जाऊ नकोस. मग तुला काय म्हणायचं ते म्हण, ती ऐकून घेईल. आपल्या वेळेला आपल्या हातात कुणी पाइप दिला नाय, आपण नुसत्या ओरडत राहिलो. रविवारी तो तिच्या हातात आहे, एवढं ध्यानात ठेव. आणि आईचं पत्र आलं होतं का असं तिनं विचारलं, तर नाय म्हण.

तुझीच,
द्वारकी