उलट्या नथीचा टाक

न्हावरे, ता. शिरूर
१२ फेब्रुवारी २००२

चि. ज्योतिबा,

आक्काचा आशीर्वाद. हिकडं समदी बरी हायती. ऊस तुटून गेला, म्हैस गाभण हाय, तुझ्या दाजींचा खोकला कमी हाय. पत्र पोष्टात न टाकता माझ्या दिराच्या, सर्जेरावांच्या हाती धाडते. पाकीट कुणी फोडलं न्हाई ना ते आधी बघ. फोनवर तू "नंतर बोलू" म्हणतोस, म्हणून लिहिते.

हौसराव नाना गेल्याचं कळलं तशी मी दौंडाला त्यांच्या बंगल्यावर भेटून आले. तू मांडववाल्याकडं गेला होतास. रविवारच्या शोकसभेत तू बोलणार हाईस म्हणं. बोल की! एवढ्या पाइपच्या कारखान्याचे मालक, पण आपल्या ओसरीत घोंगडीवर बसून पिठलं-भाकरी खायचे. तुला गाडीवर ड्रायव्हर ठेवलं. आपल्या आबांचा डोळा त्यांनीच पुण्याला नेऊन दाखवला. ते मी नाकारत न्हाई. फकस्त जेवताना त्यांची नजर आपल्या देव्हाऱ्यावर असायची, ती मला कवाच आवडली न्हाई.

एक इचारायचं हाय. घर बांधलंस तवा देव्हाऱ्यातले चांदीचे टाक झिजले म्हणून नवे घडवलेस. जुने भीमेत सोडले म्हणालास. कुठल्या घाटाला सोडलेस रं? संगं कोण होतं? तवा मी इचारलं न्हाई. लग्न झालेल्या लेकीनं माहेरच्या देवांचं किती इचारावं?

नानांची सून धनश्रीबाई लई साधी. चहा दिला आन् म्हणाली, मामंजींनी जमवलेलं बघा तरी. वरच्या मजल्यावर नुसती काचेची कपाटं. कोरीव दारं, पितळी समया, जुनी चित्रं. एका कपाटात टाकच टाक. खंडोबा, म्हाळसा, वीर, कुणाकुणाच्या घरचे देव ओळीनं लावून ठेवलेत. ना भंडारा, ना फूल. खालच्या ओळीत आपली आई दिसली तवा तर मी काचेला नाक लावून बघितलं.

तू म्हणशील, आक्का, टाक समदे सारखेच. न्हाई रं बाबा. आई गेली तवा तू मांडीवरचा, मी जाणती होते. आबांनी देवांच्या ओळीत बसवायला शिरूरच्या सोनाराकडनं तिचा टाक घडवला आन् त्या मेल्यानं नथ उजव्या नाकपुडीत काढली. आबा बघायच्या आधीच टाकाला भंडारा लागला, पूजा झाली. सोनार म्हणाला, आटवून दुसरा करतो. पूजलेली आई आटवायची कशी? म्हणून तीच ठेवली. कपाटात तीच हाय, उजव्या नथीची. खाली चिठ्ठी लावलीया, "अनोळखी देवी".

माझा संशय लगीच नानांवर गेला. नदीवर माणूस ठेवून टाक काढून आणले असतील, मोठ्या लोकांचं काय सांगावं! तोंडावर बोलले बी तसं. धनश्रीबाई गोंधळली. म्हणाली, "अहो, हे ज्योतिबाभाऊंनीच आणून दिले. मी तिथंच होते. मामंजींनी हा टाक हातात घेऊन विचारलं, ही बाई कोण? घरातली असेल तर परत ने. तर भाऊ म्हणाले, ठाऊक न्हाई, असंल कुठली देवी."

खोटं बोलली का रं ती? गेलेल्या सासऱ्याला सांभाळून घेत असंल, असं मनात येतं. मग त्याच साली तू गाडीवरनं उठून हापिसात कसा बसलास, ते बी मनात येतं. भाकरी थापताना, गोठ्यात, हेच चाललंय डोक्यात. लई राग आलाय मला तुझा.

ती कुलूप काढून टाक द्यायला निघाली होती. मी घेतला न्हाई. ज्यानं दिला त्यानं मागावा. रविवारी माइकवर नानांचं काय गुणगान गायचं ते गा. त्याच्या आधी त्या कपाटापुढं उभा राहा आन् चार माणसांदेखत सांग, ही माझी आई हाय.

आन् खरंच ठाऊक नसंल तर तसं कळव. तिला ओळखलं न्हाईस, तर तिची लेक तुझी कोण? खाली "तुझी" लिहून मी लई येळ बसले. फुडचा शब्द माझ्यानं लिहवंना. तो रविवारी तूच ठरव.

तुझी ........
शेवंता